कोड कसा लिहावा, यावरून आपण इतके का भांडतो?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, फक्त अडखळणं आणि पुनरुक्ती काढली आहे.)

 

आजचा विषय मला मागच्या आठवड्यात आमच्याच ऑफिसात मिळाला. एका चाळीस ओळींच्या फंक्शनवर आम्ही पाऊण तास भांडलो. कोड चालत होता, टेस्ट पास होत्या. भांडण एवढ्यावरच, की त्या फंक्शनचे तीन छोटे तुकडे करायचे की आहे तसं राहू द्यायचं. टीममधला एक मुलगा, दोन वर्षांपूर्वी लागलेला, म्हणत होता, "तुकडे करूया, वाचायला सोपं जाईल." आणि आमच्यातली सगळ्यात अनुभवी सहकारी म्हणत होती, "तुकडे नको करूस रे, वाचायला अवघड जाईल." दोघांनाही हवा होता वाचायला सोपा कोड, आणि दोघंही दोन टोकांना. शेवटी काय ठरलं? काही नाही. जेवायची वेळ झाली.

आता कुणी म्हणेल, नवशिक्यांचे वाद असतात हे. तर तसंही नाही. रॉबर्ट मार्टिन यांचं 'क्लीन कोड' हे पुस्तक २००८ मध्ये आलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना पहिल्या नोकरीत कुणीतरी ते वाचायला लावलेलं असतं. त्यांचं म्हणणं, फंक्शन लहान हवीत, अगदी लहान. जॉन ऑस्टरहाउट म्हणजे टीसीएल ही भाषा तयार करणारे, स्टॅनफर्डमध्ये शिकवणारे. त्यांचं पुस्तक २०१८ मधलं. त्यांचं म्हणणं, फार बारीक तुकडे केले की प्रत्येक तुकडा समजायला दुसरा उघडावा लागतो, मग उपयोग काय? या दोघांनी २०२४-२५ मध्ये एकमेकांशी मोठी लेखी चर्चा केली आणि ती सगळ्यांना वाचायला खुली ठेवली. फंक्शन केवढं असावं, कॉमेंट किती लिहाव्यात, टेस्ट आधी लिहायच्या की नंतर. काही मुद्द्यांवर दोघं थोडे जवळ आले, पण मूळचे मतभेद राहिलेच. प्रत्येकाच्या गाठीला कित्येक दशकांचा अनुभव आहे. म्हणजे अनुभव वाढला की मतभेद आपोआप मिटतात, हे काही खरं नाही.

मग ते का राहतात? माझं उत्तर सांगायला मला तुम्हाला एका दूध संस्थेत न्यावं लागेल.

माझी पहिली नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या ऑफिसात. साल २००९. आम्ही चार जण, आणि आमचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणायचे. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचो. पहाटे पाचला संकलन सुरू. माणूस किटली घेऊन येतो, दूध मोजलं जातं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ बघितलं जातं, त्यावरून दर निघतो आणि पावती हातात पडते. दर दहा दिवसांनी बिल. गायीच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हा पाया, म्हशीच्या दुधाला सहा आणि नऊ. त्याच्या खाली-वर गेलं की पॉइंटमागे ठरावीक पैसे कमी किंवा जास्त. हे पैसे किती, ते ज्याचा त्याचा दूध संघ ठरवतो.

आमचं काम पाच संघांच्या संस्थांमध्ये होतं. दादांनी दर काढायचा कोड पाच वेगवेगळ्या फाइलींत ठेवला होता. उघडून बघितलं तर पाचही जवळजवळ सारख्या! मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो, 'एकच गोष्ट दोनदा लिहू नका' हा धडा पाठ करून आलेलो. म्हटलं, "दादा, हे पाच ठिकाणी एकच लिहिलंय." दादा चहा पीत म्हणाले, "असू दे. ते आज सारखं आहे."

मला वाटलं, दादा जुन्या पिढीतले, त्यांना हे कळत नाही. दादा एका लग्नासाठी आठ दिवस गावाला गेले, तेवढ्यात मी पाच फाइलींची एक केली. मधे सेटिंग ठेवल्या, कुठल्या संघाला किती पैसे. सहाशे ओळींच्या दीडशे झाल्या. दादा परत आले, त्यांनी बघितलं आणि फक्त "हं" म्हणाले.

सहा महिने सगळं छान चाललं. मग एका संघानं परिपत्रक काढलं: एसएनएफ अमुक आकड्याच्या खाली गेलं तर जादा कपात. मी त्या एकत्र केलेल्या फंक्शनमध्ये नवा नियम घातला आणि तो चालू-बंद करायला एक सेटिंग दिली. पण दुसऱ्या एका संघाच्या जुन्या संस्थांच्या फाइलींत ती सेटिंगच नव्हती. आणि सेटिंग नसेल तर काय करायचं, याचं माझ्या कोडमधलं उत्तर होतं, 'नियम लावा'.

नऊ गावं. दहा दिवस. रोजच्या पावतीवर फरक दोन-चार रुपयांचा, कुणाच्या लक्षात आला नाही. बिलाच्या दिवशी एका गावात एक आजी आल्या. घरी एकच गाय. त्यांनी दहा दिवसांच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. दूध तेवढंच, फॅट तेवढंच, मग सत्तर रुपये कमी कसे? संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं: सचिवानं पैसे खाल्ले.

तो सचिव अगदी सरळ माणूस होता, वीस वर्षं त्या संस्थेत. मी पेन ड्राइव्ह घेऊन मोटरसायकलवर पोचलो, कारण दुरुस्ती पोचवायचा दुसरा रस्ताच नव्हता, तिथे इंटरनेट नव्हतं. मी गुपचूप दुरुस्ती करून निघणार होतो. सचिवांनी मला बसवून घेतलं. म्हणाले, "चूक तुझी हाय नव्हं? मग सकाळी दूध घालायला लोकं येत्यात, त्यास्नी तूच सांग." दुसऱ्या दिवशी पहाटे मी वजनकाट्याशेजारी उभा राहिलो आणि येईल त्या माणसाला सांगत होतो, की चूक मशीनची नाही, सचिवांची नाही, माझी आहे. उरलेल्या आठ गावांतही हेच. तीन दिवस लागले.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कोड एकत्र करणं वाईट. मीही तोच धडा घेतला, आणि तो अर्धा धडा होता. पुढची गोष्ट ऐका.

पुढे मी पुण्यात आलो, एका मोठ्या कंपनीत. तिथे कुणी म्हणालं की हे दोन ठिकाणी आहे, एकत्र करूया, की मी लगेच आडवा. "असू दे, ते आज सारखं आहे." दादांचं वाक्य माझ्या तोंडी. माझ्या हट्टामुळे बिलावर कर लावायचा कोड नऊ ठिकाणी राहिला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. सेवा कर अधिभार धरून १५ टक्के होता, तो जाऊन आमच्या सेवेला १८ टक्के लागले. आम्ही आठ ठिकाणी बदललं. नववं ठिकाण विसरलो. ग्राहकांना चुकीची बिलं गेली, ती रद्द करून पुन्हा काढावी लागली. एक कनिष्ठ सहकारी मला शांतपणे म्हणाली, "सर, हे एकत्र करूया असं मी मार्चमध्ये म्हटलं होतं." खरंच म्हटलं होतं.

एकदा एकत्र करून फसलो आणि एकदा वेगळं ठेवून. दोन्ही वेळा मला ठाम वाटत होतं.

दोन्हींतला फरक मला पुष्कळ नंतर दिसला. कर हा एक निर्णय होता, एका कायद्यानं घेतलेला. तो नऊ ठिकाणी लिहिला तरी बदलणार एकदमच. दुधाचे दर हे पाच संघांनी घेतलेले पाच वेगळे निर्णय होते, जे त्या वर्षी योगायोगानं सारखे दिसत होते. अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९ च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' मध्ये हा नियम मांडला, तेव्हा ते ज्ञानाबद्दल बोलत होते. एक माहिती एकाच ठिकाणी असावी. पुढे लोकांनी त्याचा अर्थ 'सारख्या दिसणाऱ्या ओळी दोनदा नकोत' असा घेतला, इतका, की २०१९ च्या आवृत्तीत त्यांना हा फरक मुद्दाम समजावून सांगावा लागला. मी तो सुटसुटीत अर्थ घेऊन दादांच्या ऑफिसात शिरलो होतो.

तर माझं म्हणणं असं. आपल्या धंद्यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी ठेचेतून आलेला असतो. फिरता फिरता ठेच मागे राहते आणि नियम तेवढा पुढे जातो. मग दोन माणसं दोन नियम घेऊन भांडतात, आणि खरं तर भांडत असतात दोन वेगवेगळ्या ठेचा.

उदाहरणं बघूया. 'आधी टेस्ट लिहा, मग कोड' ही पद्धत केंट बेक यांनी लोकांपुढे आणली. त्यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगची जडणघडण झाली क्रायस्लर कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरवर, १९९६ पासून. पगार म्हणजे काय? इतके तास, इतका दर, इतकी कपात, आणि उत्तर ठरलेलं. उत्तर आधी माहीत असेल तर टेस्ट आधी लिहिणं किती सोयीचं! पण तुम्ही नवा गेम करताय, आणि उडी किती उंच असली म्हणजे मजा येईल हेच शोधताय. तिथे आधी टेस्ट काय लिहिणार? २०१४ मध्ये रेल्स तयार करणारे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी या पद्धतीवर जाहीर टीका केली. टेस्ट सोपी व्हावी म्हणून कोडची रचनाच वेडीवाकडी केली जाते, हा त्यांचा मुद्दा. मग बेक, हॅन्सन आणि मार्टिन फाउलर या तिघांनी त्यावर जाहीर गप्पांची मालिकाच केली. ऐकताना जाणवतं, की तिघं आपापल्या रोजच्या कामातलं बोलताहेत, आणि रोजचं काम तिघांचं वेगळं आहे.

कुणी म्हणेल, मग मोजा ना, आकडे काढा. काढलेत. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी टेस्ट लिहिणाऱ्या टीमच्या कोडमध्ये दोषांचं प्रमाण ४० ते ९० टक्क्यांनी कमी निघालं. आणि सुरुवातीच्या कामाला, टीमच्या व्यवस्थापकांच्या अंदाजानं, १५ ते ३५ टक्के जास्त वेळ लागला. आता गंमत बघा. एकच अभ्यास, पण पद्धत आवडणारा पहिला आकडा सांगतो आणि न आवडणारा दुसरा. दोघंही खोटं बोलत नाहीत. ज्याची चूक महागात पडते त्याला पहिला आकडा मोठा वाटतो, ज्याला तीन महिन्यांत काहीतरी उभं करून दाखवायचंय त्याला दुसरा.

चूक किती महाग पडते आणि दुरुस्ती पोचायला किती वेळ लागतो, हे दोन प्रश्न फार काही ठरवतात. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबमधले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये दहा कडक नियम मांडले. रिकर्शन नको. प्रोग्राम सुरू झाल्यावर नवी मेमरी मागायची नाही. फंक्शन साधारण साठ ओळींच्या आत, म्हणजे एका कागदावर मावेल इतकं. वेबवर काम करणारा हे वाचून हसेल. पण मंगळाकडे निघालेल्या यानाकडे तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन मोटरसायकलवर जाऊ शकत नाही. माझी नऊ गावं तीन दिवसांत झाली. पुण्यातली जीएसटीची चूक दुपारी दोनला कळली आणि साडेचारला दुरुस्त कोड लागलेला होता. या तिन्ही ठिकाणी एकच नियम कसा चालेल?

आणि 'ते आज सारखं आहे' याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे एरियान ५. ४ जून १९९६ ला हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेलं होतं, तिथे ते नीट चालत होतं. पण नवं रॉकेट सुरुवातीलाच आडव्या दिशेनं जास्त वेग घेत होतं. ती ६४ बिटची संख्या १६ बिटच्या जागेत मावेना. आणखी वाईट म्हणजे, गणिताचा तो भाग उड्डाणानंतर चालू राहण्याची एरियान ५ ला गरजच नव्हती, ती गरज जुन्या रॉकेटची होती. कोडमध्ये कुणी काही बिघडवलं नव्हतं. कोड तोच राहिला, खालचं रॉकेट बदललं.

आता दुसरं कारण, माझ्या मते तितकंच मोठं. आपल्या निर्णयांचे परिणाम फार उशिरा कळतात, आणि बहुतेकदा दुसऱ्याला कळतात. आपल्याकडे दोन-तीन वर्षांत माणूस प्रोजेक्ट बदलतो, नाहीतर कंपनी. पेरणारा एक, कापणारा दुसरा. जो पेरून गेला त्याच्या आठवणीत ते डिझाइन कायमचं सुंदर. जो कापायला आला त्याला वाटतं, कोण गाढव होता हा? दोघांकडे अर्धी-अर्धी गोष्ट, आणि अर्ध्या गोष्टीवर दोघांचं ठाम मत. मी दादांच्या ऑफिसातून चार महिने आधी निघालो असतो, तर आजही सगळ्यांना सांगत फिरलो असतो, की मी सहाशे ओळींच्या दीडशे कशा केल्या.

पण एक सावधगिरी. 'आमचं वेगळं आहे हो' ही पळवाटही असू शकते. परिस्थितीनुसार सगळंच बरोबर, असं मी म्हणत नाही. काही वाद खरंच मिटलेत. १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी गोटू विरुद्ध पत्र लिहिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. आज जावामध्ये गोटू वापरताच येत नाही आणि कुणाला त्याची आठवणही येत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये मात्र, चूक झाल्यावर घेतलेल्या गोष्टी परत सोडायला तो आजही वापरतात, कारण सी भाषेत त्या कामाला तो सोयीचा पडतो. म्हणजे वाद मिटला, तरी एक कोपरा राहिला, आणि त्या कोपऱ्याला कारण आहे. कारण सांगता येत असेल तर 'आमचं वेगळं' मान्य. येत नसेल तर तो आळस. माझ्या दूध संस्थेच्या चुकीलाही मी दोन संघांच्या वेगळेपणामागे लपवू शकत नाही. एक जुनी फाइल घेऊन एक टेस्ट चालवली असती तर चूक ऑफिसातच सापडली असती. मी ती चालवली नाही.

आता परत त्या चाळीस ओळींकडे. दुसऱ्या दिवशी मी दोघांना एकच विचारलं, "हे फंक्शन तू शेवटचं कधी उघडलं होतंस, आणि कशासाठी?" मुलगा म्हणाला, गेल्या महिन्यात, नवी सूट घालायची होती म्हणून. त्याला फक्त नावं वाचून नेमकी जागा शोधायची होती. ती म्हणाली, जानेवारीत, रात्री अडीचला. एका ग्राहकाची रक्कम चुकत होती आणि तिला एक आकडा वरून खालपर्यंत बोट ठेवून तपासायचा होता. दोघं 'वाचणं' हा एकच शब्द वापरत होती आणि दोन वेगळी कामं सांगत होती! मुलगा तिला म्हणाला, "ताई, हे रात्रीचं मला माहीतच नव्हतं." सूट काढायचा भाग आम्ही वेगळा केला, बाकीचं सलग ठेवलं. दहा मिनिटं लागली. दोघंही पूर्ण खूश नाहीत, पण तो भाग वेगळा का आणि उरलेला सलग का, हे आता दोघांनाही माहीत आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ठामपणे म्हणालं, 'असंच करायचं असतं', तर लगेच नियमावर तुटून पडू नका. विचारा, तुम्हाला हे कुठे लागलं होतं? तिथे चूक झाली तर कुणाचं नुकसान व्हायचं? दुरुस्ती पोचायला किती वेळ लागायचा? आणि हेच प्रश्न आधी स्वतःला विचारा, कारण आपली ठेच आपल्याला नियमासारखीच वाटते.

शेवटी दादांचं सांगतो. मी नवव्या गावाहून परत आलो तेव्हा ते मला ओरडले नाहीत. त्यांनी पुन्हा पाच फाइली केल्या होत्या. पण यावेळी प्रत्येक फाइलच्या डोक्यावर चार ओळी होत्या: हा दर कोणत्या संघाचा, कोणत्या तारखेच्या परिपत्रकातला, आणि बदलला तर फोन कुणाला करायचा. शेवटची ओळ होती, 'इतर फाइलींशी सारखी दिसेल. एकत्र करू नये. कारण विचारावे.' मी म्हटलं, "दादा, हे आधीच लिहिलं असतं तर?" दादा म्हणाले, "खरंय. माझ्या डोक्यात होतं. तुझ्या डोक्यात कसं येणार?"

म्हणजे चुकीतला अर्धा वाटा त्यांनी स्वतःकडे घेतला. २०११ मध्ये मायकेल नायगार्ड यांनी डिझाइनचे निर्णय कारणांसकट छोट्या टिपणात लिहून ठेवायची पद्धत सुचवली, आज बऱ्याच टीम ती वापरतात. मला ती पहिल्यांदा कुणी समजावली तेव्हा मी मनात म्हटलं, ही मला माहीत आहे. दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितली आहे.

तुमच्याकडे असा एखादा नियम असेल, ज्याच्यासाठी तुम्ही नेहमी भांडता, तर तो कुठल्या ठेचेतून आला ते मला जरूर कळवा. त्यावर एक पुढचा भाग करूया. भेटू. तोवर काळजी घ्या.